फ्यूजराव आणि न विझवायचा दिवा

फ्यूजराव रागावले की त्यांच्या जिना चढण्यावरूनच कळतं. एरवी ते कठड्याला धरून, मध्ये थांबत, खोकत वर येतात. रागात असले की कठड्याला हातसुद्धा लावत नाहीत. त्या संध्याकाळी ते असेच आले, दार वाजवायचे कष्ट न घेता आत शिरले आणि हातातला फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "वाचा बाई. तुमचा आवाज चांगला आहे, मोठ्यानं वाचा."

मी चष्मा शोधला. मोजक्या ओळी होत्या. 'प्रिय खेळाडू, आपण कळवलेली अडचण आमच्या लक्षात आहे. आपल्या सहनशीलतेबद्दल मनापासून आभार.'

"लक्षात आहे," फ्यूजराव म्हणाले. "म्हणजे ठाऊक आहे. ठाऊक आहे आणि तशीच ठेवलीय. वर माझे आभार मानतात, मी अजून सहन करायचं कबूलही केलं नाही तर."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. रागात असलेला माणूस बसला की त्याचा राग अर्धा होतो, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांना तो अर्धा करायचा नव्हता.

फ्यूजराव म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे लाइटवाले. आयुष्यभर मी उजेडात उभी राहिले आणि ते अंधारात बसले. मी स्टेजवर कुठे उभी राहिले की माझ्या डोळ्यांतलं पाणी शेवटच्या रांगेला दिसेल, हे मला कधी कळलं नाही, त्यांना कळायचं. त्यांचं खरं नाव आता पोस्टमन आणि त्यांची लेक या दोघांनाच आठवत असेल. फ्यूजराव हे नाव मीच ठेवलं, कारण जरा काही खटकलं की हा माणूस फटकन उडायचा. नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मला वाटलं, आता उडणार. उलट खूश होऊन म्हणाले, "बरोबर आहे. फ्यूज उडतो म्हणून घर वाचतं."

आमच्या कंपनीत एक शिरस्ता होता. पहिली घंटा मॅनेजरची, दुसरी मालकाच्या मर्जीची, पण तिसरी घंटा मात्र लाइटवाल्यानं विंगेतून हात वर केल्याशिवाय वाजायची नाही. हात वर म्हणजे सगळं ठीक. कोणी घालून दिला हा नियम, कोण जाणे. इतर कंपन्यांत तो कधीच मोडीत निघाला होता. आमच्याकडे टिकला, कारण आमच्याकडे फ्यूजराव होते.

एकदा प्रयोगाआधी पुढच्या दिव्यांच्या रांगेतला एक होल्डर चरचरला. अगदी बारीक आवाज. मालक म्हणाले, पेटतोय ना, मग उद्या बघू. थिएटर भरलेलं, लोक टाळ्या पिटायला लागलेले, शिट्ट्या सुरू झालेल्या. मी राणीच्या वेषात, डोक्यावर तो शेरभर वजनाचा मुकुट, मानेवरून मेकअपचे ओघळ, आणि राणीच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द विंगेत पुटपुटत उभी. आणि हे महाशय पडद्यामागे पालथे पडलेले, दातांत बॅटरी धरून. मालक वाकून त्यांच्या कानाशी ओरडत होते. यांनी तोंडातली बॅटरी काढली आणि म्हणाले, "काल ठाऊक नव्हतं तेव्हा वाजवली ना घंटा? आज ठाऊक आहे." बॅटरी पुन्हा दातांत.

काम झालं, हात वर गेला, घंटा वाजली. प्रयोग रंगला. त्या होल्डरचं पुढे काहीच झालं नाही, आणि म्हणूनच फ्यूजरावांचे आभारही कोणी मानले नाहीत. त्या कामाचं नशीबच तसं. मी नीट काम केलं तर टाळ्या. त्यांनी नीट काम केलं तर काहीच घडत नाही.

त्यांची दुसरी सवय मात्र वैताग आणायची. प्रयोग संपला की ते खोल्याखोल्यांतून फिरत आणि दिसेल तो दिवा बंद करत. तरुणपणी त्यांनी कुठेतरी, पडद्याला टेकून राहिलेल्या एका विसरलेल्या दिव्यानं अख्खं नेपथ्य जळताना पाहिलं होतं. तेव्हापासून रिकाम्या जागी जळता दिवा त्यांना बघवत नसे. पुढे पुढे जागा रिकामी आहे की नाही, हेही ते बघेनासे झाले. मेकअपच्या खोलीत आम्ही आरशासमोर बसलेले असायचो, कोणाची अर्धी दाढी उतरवायची राहिलेली, कोणाच्या डोळ्यात क्रीम गेलेलं, आणि गप्पकन अंधार. मग शिव्यांचा पाऊस. "अहो, माणसं आहेत आत!" ते बाहेरूनच म्हणत, "मग उरका."

कंपनी बंद पडली, नाटकं गेली, आणि योगायोगानं आम्ही दोघं एकाच इमारतीत येऊन पडलो. ते खाली, मी वर. मी अजूनही वरच राहते, असं ते सगळ्यांना सांगतात.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक नवऱ्यामागे दूरदेशी गेली आणि सोबत नात गेली. तिला मी भिंगरी म्हणते. लहान होती तेव्हा माझ्या घरात शिरली की गोल गोल फिरत सगळ्या भिंतींना हात लावून यायची. आजोबांच्या खांद्यावर बसून इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावरचं बटण दाबायची. दाबणार ती, विझवणार ते. असा त्यांचा खेळ.

तिकडे गेल्यावर काही महिन्यांतच फोनवरचं बोलणं वाळत गेलं. फ्यूजराव स्पीकरवर लावत, म्हणून मला माहीत. शाळा कशी आहे? बरी. जेवलीस का? हो. मग शांतता. मागून लेक प्रॉम्प्टिंग करायची, "सांग ना आजोबांना, काल काय गंमत झाली." आणि पाठांतर न झालेल्या नटीसारखी भिंगरी ते वाक्य कशीबशी म्हणून एक्झिट घ्यायची. पोरीचा दोष नव्हता. दूर राहणाऱ्या माणसाशी बोलायचं तर दोघांच्या मध्ये काहीतरी असावं लागतं, आणि त्यांच्या मध्ये काहीच उरलं नव्हतं.

ते 'काहीतरी' जावईबापूंनी आणून दिलं. एक मोबाइलवरचा खेळ. समुद्रात एक उजाड बेट, त्यावर दोघांनी मिळून राहायचं. झाडं लावायची, लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, बकऱ्या पाळायच्या. खेळताखेळता फोनवर बोलताही येतं. आपल्या इथे संध्याकाळ असते तेव्हा तिकडे सकाळ, शाळेच्या आधीचा वेळ. फ्यूजरावांनी आधी नाक मुरडलं. मग एक दिवस बघते तर काय, गृहस्थ पाय वर घेऊन, जीभ बाहेर काढून बकरीला कुंपणात घालतायत आणि फोनमधून भिंगरी खिदळतेय. "आजोबा, तुम्ही भिंतीत चालताय! अहो, डावीकडे!"

पोरगी पुन्हा बोलायला लागली. बेटाबद्दल बोलताबोलता शाळेबद्दल, मैत्रीण रुसली त्याबद्दल, रात्री भीती वाटते त्याबद्दल. बकरीला चारा घालताना माणूस जे सांगतो, ते समोर बसवून विचारलं तर सांगत नाही. मला तर कधीकधी वाटायचं, आपण विंगेत उभे राहून कोणाचा तरी फार सुंदर प्रवेश चोरून ऐकतोय.

बेटावर सगळ्यात मोठं काम होतं ते दीपगृहाचं. ते बांधलं की लांबून जहाजं येतात आणि नवनवीन वस्तू आणतात. दोघं कित्येक आठवडे त्याचे दगड जमवत होते. पूर्ण झालं त्या संध्याकाळी फ्यूजराव मला बोलवायला वर आले. दिवा लावायचा मान भिंगरीचा. तिनं वर चढून दांडा ओढला आणि त्या एवढ्याशा काचेवर अंधाऱ्या समुद्रावरून उजेडाचा पट्टा फिरला. फ्यूजराव नुसतेच बघत राहिले. मग पोरीला शाळेची हाक आली, ती होडीत बसून खेळाबाहेर गेली. आणि आमचे लाइटवाले शेवटी बाहेर पडताना, उभ्या आयुष्याच्या सवयीनं, जिना चढून वर गेले, दांडा खाली ओढला, दिवा विझवला आणि मगच होडीत बसले.

दुसऱ्या दिवशी बेट उघडेना. 'बेट तयार होत आहे' असं लिहिलेलं आणि एक चक्र गोल गोल फिरतंय. फिरतंय ते फिरतंयच. भिंगरीकडेही तेच.

जावयानं कंपनीला कळवलं. त्यांनी बेटाची साठवून ठेवलेली जुनी प्रत काढून बेट परत दिलं, तेवढा भलेपणा केला. सोबत खुलासाही आला: दीपगृहाचा दिवा बंद असताना शेवटचा खेळाडू बाहेर पडला की बेट अडकतं, तरी कृपया दिवा चालू ठेवूनच बाहेर पडावं. ही अडचण आमच्या लक्षात आहे. फ्यूजरावांनी मग स्वतःच लिहून विचारलं, लक्षात आहे तर दुरुस्त कधी करणार? त्याचं उत्तर म्हणजे त्या सुरुवातीच्या ओळी, ज्या घेऊन ते कठड्याला हात न लावता वर आले होते.

मी आपली नटी. मी म्हटलं, "फ्यूजराव, सांभाळून घ्या की. दिवा चालू ठेवायचा, संपलं. मी मोडक्या सिंहासनावर राज्य केलंय. त्याचा उजवा पाय डगमगायचा म्हणून सगळा अंक डावीकडे कलून बसायचे, आणि लोकांना वाटायचं काय रुबाब आहे."

"तुम्ही नट लोक सांभाळूनच घेता," ते म्हणाले. "म्हणून ते सिंहासन शेवटपर्यंत कोणी दुरुस्त केलं नाही."

मी चहा टाकला.

जावईबापू याच धंद्यातले, म्हणजे खेळांच्या नव्हे पण कॉम्प्युटरच्या. फोनवर सासरे-जावयाची चांगलीच जुंपली. जावयाचं म्हणणं असं की प्रत्येक खेळात असे शेकडो बग असतात, म्हणजे दोष. एक काढायला जावं तर दोन नवे जागे होतात. सगळे काढायची सक्ती केली तर कोणी खेळ बनवणारच नाही, आणि बनवणारे काही राक्षस नव्हेत, दमलेली पोरंच असतात. फ्यूजरावांचं म्हणणं, सगळे काढा असं कोण म्हणतंय? जो ठाऊक आहे आणि ज्यानं लोकांची मेहनत बुडते, तेवढा काढा. नाहीतर दारावर पाटी लावा की आत धोका आहे. दोन्ही करणार नसाल तर दार उघडू नका. जावई म्हणाला, बाबा, तो खेळ आहे. फ्यूजराव म्हणाले, नाटकही खेळच होतं. मग मागून लेक म्हणाली, आता बकऱ्यांना चारा कोण घालणार?

मला जावयाचं पटत होतं आणि फ्यूजरावांचंही. पण महिन्याभरानं खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा मात्र माझंही डोकं फिरलं. त्यात काय होतं, तर बकऱ्यांसाठी टोप्या. लाल, निळ्या, झालरीच्या. दीपगृहाचा दिवा होता तसाच. ये रे माझ्या मागल्या. म्हणजे बसून काम करायला माणसं होती, वेळ होता, आणि तो टोप्या शिवण्यात गेला. फ्यूजरावांनी भिंगरीच्या हट्टापायी बकरीला टोपी घातली, पण तोंड असं केलं की जणू स्वतःच्याच डोक्यावर चढवतायत.

दिवा तसाच ठेवून बाहेर पडायला ते शिकत होते. शिकत होते म्हणजे, रोज युद्ध चाललं होतं. मी सुचवलं, पोरीच्या आधी तुम्ही निघत जा. तर म्हणाले, "आणि एवढ्याशा पोरीला बेटावर एकटी सोडू? शिवाय लाइटवाला शेवटी जातो." फोनच्या मागे त्यांनी चिकटपट्टी लावली, म्हणजे बोटाला लागली की आठवण व्हावी. होडीत बसल्यावर ते वळून त्या जळत्या दिव्याकडे बघत आणि मला सांगत की नंतर झोप लागत नाही. त्या काचेतला दिवा खोटा आहे, त्यानं काही जळणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण जे डोक्याला कळतं ते हाताला कोण सांगणार? हात काही शाळेत जात नाही.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. वाईट याचं की तो दिवस फार चांगला होता. मोठं जहाज आलं होतं. भिंगरीनं आजोबांना नकळत दीपगृहाच्या पायथ्याशी त्यांच्यासाठी एक खोली बांधली होती, खाट, खिडकी आणि दारापाशी एक बटण. "लाइटवाल्यांची खोली," ती म्हणाली. "तुम्ही इथे राहायचं. मी तिकडे आले ना सुट्टीत, की आपण खरी पण अशीच करू." तिला शाळेची हाक आली, ती गेली. फ्यूजराव बराच वेळ त्या खोलीत नुसते उभे राहिले. मग डोळे पुसले, आणि त्याच भरात, मन दुसरीकडे असताना, त्यांचा अंगठा वर चढला आणि दांडा ओढून खाली आला. होडीत बसून बाहेर पडल्यावर त्यांना कळलं.

मी समोरच होते. फोन मांडीवर ठेवून ते म्हणाले, "बाई, मी विझवला."

या वेळी कंपनीनं कळवलं की नव्या आवृत्तीनंतर जुन्या प्रती ठेवणं बंद झालं आहे. बेट परत मिळणार नाही. नवीन बेट सुरू करावं. भेट म्हणून एक टोपी पाठवत आहोत.

त्यांनी तक्रारींचा सपाटा लावला. रोज एक. उत्तर ठरलेलं: लक्षात आहे. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी कंटाळून म्हणा की दया येऊन म्हणा, कंपनीतून फोनच आला. आवाजावरून तरुण मुलगी. तक्रारी बघण्याचं काम तिचं. फ्यूजरावांनी स्पीकर लावला आणि मला खुणेनं बसा म्हणाले. साक्षीदार म्हणून.

मुलगी फार सरळ होती. तिनं बनावट गोड बोलणं पहिल्या मिनिटातच टाकून दिलं. म्हणाली, आम्ही एका खोलीत बसणारी मोजकी माणसं आहोत. दीपगृह ज्यानं बनवलं तो कधीच सोडून गेला, त्याचं काम कोणाला उलगडत नाही. हात लावला आणि सगळ्यांचीच बेटं बुडाली तर, या भीतीनं कोणी हात लावत नाही.

हे फ्यूजरावांना कळण्यासारखं होतं. म्हणाले, जुन्या थिएटरात अशी वायरिंग असायची, करणारा निघून गेलेला, भिंत फोडायची माझीही छाती होत नसे. पण मग मी त्या बटणावर चिकटपट्टी लावायचो. तुम्ही विझवायचा दांडाच काढून टाका, किंवा तिथे एक ओळ तरी लिहा.

"काका, मीही हेच म्हटलं होतं," मुलगी म्हणाली. "दोनदा म्हटलं. वरचे म्हणतात, अशी पाटी लावली की नवीन लोक घाबरतात."

"म्हणजे दोष ठाऊक असून चालतो. तो लोकांना ठाऊक होता कामा नये."

ती हळूच म्हणाली की तुमचं म्हणणं मी पुन्हा सांगेन. फ्यूजरावांनी तिला विचारलं, तुझं तिथे कोणी ऐकतं का? ती म्हणाली, "नाही ना, काका." आणि त्यांनी तिची समजूत घातली. तक्रार करायला बसलेला माणूस तक्रार ऐकणाऱ्या पोरीची समजूत घालत होता, आणि ज्यांनी दोघांचं ऐकायचं, ते कुठेतरी टोप्यांचे रंग निवडत होते.

मी कायदेपंडित नाही. पण इतकी वर्षं स्टेजवर काढल्यावर एवढं कळतं की चूक होणं वेगळं आणि माहीत असलेली चूक पुढच्या माणसासाठी रस्त्यात तशीच ठेवणं वेगळं. पहिलीला माफी असते. दुसरीला सक्तीच हवी. आमच्या कंपनीतही मालकाच्या चांगुलपणावर सोडलं असतं तर 'उद्या बघू' हाच शिरस्ता झाला असता. तिसरी घंटा अडवायचा हक्क एका माणसाच्या हातात होता, म्हणून आम्ही धडधाकट म्हातारे झालो.

पण खरी काळजी मला बेटाची नव्हती. फोनवर पुन्हा ते जुनंच सुरू झालं. जेवलीस का? हो. शाळा? बरी. भिंगरी म्हणत होती, आजोबा, नवीन बेट घेऊ. आणि फ्यूजराव नाही म्हणत होते. जिथली वायर जळकी आहे असं ठाऊक आहे, तिथे मी पोरीला घेऊन पुन्हा पाय ठेवणार नाही. त्यांनी दुरुस्त करू दे, मग बघू. दुसरा कुठला खेळही त्यांना नको. हे बेट नीट होईपर्यंत घंटा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ.

मी बरीच समजावणी केली, रागावले, एकदा रडूनही दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमचं रडणं मी पंचवीस फुटांवरून रोज बघितलंय, खरं कुठलं ते मला कळतं.

आठवडे गेले. मग एकदा भिंगरीचा फोन आला. नेहमीची उत्तरं झाली. शांतता पडली. या वेळी मागून प्रॉम्प्टिंग नव्हतं. आणि ती स्वतःच बोलली.

"आजोबा, मी ती खोली बांधली म्हणून बेट बंद पडलं का?"

फ्यूजराव म्हणाले, "नाही गं राणी."

"मग तुम्ही माझ्यावर का रागावलाय? माझ्याशी खेळत नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. असा प्रवेश चालू असताना सहनटानं समोर बघू नये. ते म्हणाले, मी तुझ्यावर नाही रागावलो, ज्यांनी बेट बनवलं त्यांच्यावर रागावलोय. ती म्हणाली, पण त्यांना कुठे कळतंय? मलाच कळतंय ना.

त्या रात्री ते जेवले की नाही, माहीत नाही. दुसऱ्या संध्याकाळी वर आले ते कठड्याला धरून, हळूहळू. खुर्चीवर बसले. म्हणाले, नवीन बेट घेतलंय. खोट आहे तशीच आहे. आयुष्यात पहिल्यांदा, ठाऊक असून हात वर केला. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. असा माणूस वाकवायचा, तोही एका पोरीच्या प्रश्नानं, आणि ज्यांनी वाकवला त्यांना त्याचा पत्ताही नसावा.

मग ते म्हणाले, "बाई, एक काम आहे. माझ्या हाताचा भरवसा नाही. दीपगृह झालं की रोज शेवटी बाहेर तुम्ही पडायचं."

तेव्हापासून माझी ही नवी नोकरी. दीपगृह पुन्हा उभं राहिलंय. जुन्या बेटाची सर त्याला नाही, हे आम्ही सगळे जाणतो आणि कोणी म्हणत नाही. भिंगरीही आता थोडी मोठी झालीय, रोज येत नाही. आली की मात्र बोलते. लाइटवाल्यांची खोली तिनं परत बांधली नाही. फ्यूजरावांनी विचारलंही नाही. ती शाळेला गेली की, आणि आली नाही त्या दिवशी बकऱ्यांचा चारा झाला की, ते फोन माझ्या हातात देतात आणि माझ्या खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहतात, तो दिवा रिकाम्या बेटावर जळताना दिसू नये म्हणून. मी अंगठ्यानं होडी शोधते, बसते, बाहेर पडते. दुनियेतल्या एका कंपनीचं राहिलेलं काम एक म्हातारी नटी रोज संध्याकाळी करते. बिनपगारी. आमच्यासारखे आणखी किती जण असं सांभाळून घेत असतील, आणि कंपनी म्हणत असेल, बघा, कुठे काय अडलंय?

आठवड्याला एक तक्रार अजून जाते. काल उत्तर आलं. सही त्या मुलीची नव्हती, दुसऱ्याच कोणाची. लक्षात आहे, असंच होतं. ती मुलगी कुठे गेली, म्हणून फ्यूजरावांनी लगेच विचारून पाठवलं. त्याला अजून उत्तर नाही.

"राहिला ना चालू?" खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून ते रोज विचारतात.

"राहिला."

"नक्की?"

"अहो, नक्की."

मग ते फोन घेतात, खिशात घालतात, गुडघ्यावर हात रेटत दारापर्यंत जातात. आणि काल जाताजाता माझ्या खोलीतला दिवा बंद करून गेले.

मी आतच बसले होते. ओरडणार होते, माणसं आहेत आत. मग म्हटलं, जाऊ दे. एक तरी विझवू दे.